पुलापर्यंत संथ

छताचा गिलावा करणाऱ्या माणसाची मान पन्नाशीच्या आत कामातून जाते. विस्ट मेटोयरची गेली नाही. त्याचा डावा खांदा गेला. तो गिलाव्यानं गेला नव्हता, ट्यूबानं गेला होता. ट्यूबा म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या बँडमधलं सगळ्यात अवजड वाद्य. पितळी नळी अंगाभोवती वेढा घेते, तोंड डोक्याच्या वर उघडतं आणि सगळं ओझं एका खांद्यावर बसतं. ते घेऊन तासन्‌तास चालायचं आणि चालता चालता फुंकायचं. विस्टनं शर्ट घातला की डावी बाही उजवीपेक्षा खाली लोंबायची. त्याची बायको ओडील शर्ट शिवताना दोन बाह्यांची दोन मापं घ्यायची.

त्याचं पूर्ण नाव एव्हरिस्ट. ते फक्त पाद्री घ्यायचा. न्यू ऑर्लिन्सच्या सातव्या वॉर्डात मी आणि तो एकाच परांचीवर म्हातारे झालो. आमच्या वॉर्डात गवंडी, गिलावेवाले आणि वाजवणारे ही वेगवेगळी माणसं नव्हती. सोमवार ते शनिवार चुना, रविवारी पितळ. विस्ट दोन्ही कामं एकाच पद्धतीनं करायचा. थापी एकदा फिरवली की त्याच जागी पुन्हा फिरवायची नाही. "परत हात लावलास म्हणजे तुझा पहिला हात खोटा होता," असं तो मला पहिल्याच आठवड्यात म्हणाला. मी त्याच्यापेक्षा वयानं मोठा. मला राग आला. पण भिंत त्याचीच सरळ होती.

ट्यूबा त्यानं निवडला नव्हता. त्याला ट्रम्पेट हवा होता, ट्रम्पेट सगळ्यांनाच हवा असतो. वर्गणी काढून एकमेकांची मयतं आणि मिरवणुका करणारं आमचं एक मंडळ होतं. त्याच्या हॉलवर वाद्यं वाटली तेव्हा हा उशिरा पोचला. कोपऱ्यात पोचे आलेला एक ट्यूबा तेवढा उरला होता.

"हा कोण वाजवतो?" विस्टनं विचारलं.

"उचलेल तो."

त्यानं उचलला. पुढची पन्नास वर्षं खाली ठेवला नाही.

आम्ही तरुण होतो तेव्हा बँडला रविवार पुरत नसत. मयत, मंडळांच्या मिरवणुका, नदीवरच्या नाचाच्या बोटी. मग एकेक सुटत गेलं. नाचाच्या हॉलमध्ये विजेची गिटार आली, माइकसमोर गाणारे आले, आणि मागे बारा जण उभे करायची गरज उरली नाही. जे फार तयारीचे होते ते न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी जॅझचं असं काही केलं की ते ऐकायला खुर्चीवर बसून डोळे मिटावे लागत. विस्टला त्याचा राग नव्हता. त्यातल्या काही तबकड्या त्याच्याकडे होत्या. सोमवारचा लाल राजमा-भात खाऊन झाला की तो एखादी लावायचा, पूर्ण ऐकायचा आणि म्हणायचा, "काम चोख आहे. पण यावर पाय उचलत नाही." बाकीचे काही जण फ्रेंच क्वार्टरमध्ये पर्यटकांसमोर तीच जुनी गाणी वाजवायला लागले. विस्टलाही तिथून बोलावणं आलं. तो एकदा गेला. त्याला बसून वाजवायला खुर्ची दिली. तो परत आला.

आमच्या क्लेबर्न रस्त्यावर ओकची जुनी झाडं होती. साठच्या दशकात ती तोडली आणि डोक्यावरून हायवेचा पूल नेला. झाडांच्या सावलीतली दुकानं पुलाच्या सावलीत बंद पडली. मिरवणुका आणि मयतं मात्र तिथूनच जात राहिली. जायला दुसरी वाट नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं तेव्हा पापा ओनोरे लानवाच्या बँडमध्ये धड चालू शकणारी माणसं हाताच्या बोटांवर उरली होती. ओनोरे ट्रम्पेट वाजवायचा, बँड त्याच्या नावाचा होता आणि विस्ट त्याचा उजवा हात. त्या ऑक्टोबरात ओनोरे झोपेतच गेला.

आमच्याकडे माणूस गेला की मंडळ पुढे होतं. चर्चपासून बँड शवपेटीच्या गाडीपुढे संथ गाणी वाजवत चालतो. पुलाशी आल्यावर गाडी दफनभूमीकडे निघून जाते. त्याला आम्ही देह सोडणं म्हणतो. देह सोडला की बँड नाचाचा ताल धरतो आणि सगळी गल्ली नाचत परत येते. मेलेला सुटला याचा तो आनंद असतो. पण आधी तो सुटला पाहिजे.

ओनोरेच्या मयताचं ठरवायला हॉलवर सभा बसली. मंडळाचा अध्यक्ष ऑगस्टिन रोबिशो, धंद्यानं शिंपी. बोलणंही कात्रीसारखं.

"विस्ट, सरळ विचारतो. माणसं किती आहेत तुझ्याकडे?"

"मी आहे. सेप्तिम आहे."

"सेप्तिम सत्तरीचा आहे."

"क्लॅरिनेट हलकी असते."

लोक हसले. ऑगस्टिन हसला नाही. "गेल्या नोव्हेंबरची आपली मिरवणूक आठवते? दर दोन चौकांना बँड दम खायला थांबत होता. नाचणारी पोरं कंटाळून घरी गेली. आता एक ट्रकवाला आलाय. गाडीवर भोंगे बांधतो, तबकड्या लावतो. त्याला दम लागत नाही."

"मयतालाही भोंगे लावणार?"

यावर ओनोरेची बायको उठली. मिस क्लोटिल्ड. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं मिसच म्हणतात. लहानखुरी बाई, काळी हॅट, हातात पंखा. "माझा नवरा जन्मभर तुमच्या बापांना पोचवायला पुढे चालला," ती म्हणाली. "त्याला भोंग्यानं पोचवणार असाल तर तसं सांगा. मी त्याला अंगणात कोंबड्यांशेजारी पुरते. त्या निदान स्वतःच्या तोंडानं ओरडतात."

"पुढच्या शनिवारी बँड असेल, मिस क्लोटिल्ड," विस्ट म्हणाला.

"कसला बँड? दोन म्हातारे आणि एक ढोल?"

"पूर्ण बँड."

ऑगस्टिननं चष्मा काढून पुसला. "ठीक. शनिवारी मीच पुढे चालणार आहे, मला सगळं ऐकू येईल. चर्चपासून पुलापर्यंत बँड बँडसारखा चालला, तर नोव्हेंबरची मिरवणूक तुमची. नाही चालला तर ट्रक. आणि एकदा ट्रक आला की तो जाणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

सगळ्यांनाच माहीत होतं. शेजारच्या दोन मंडळांचे बँड असेच गेले होते. एकदा मिरवणूक हातची गेली की वाजवणारे पांगतात, वाद्यं पलंगाखाली जातात, आणि पलंगाखालून वाद्य परत बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "पूर्ण बँड कुठून आणणार आहेस?"

"पुलाखालून."

पुलाखाली रविवारी दुपारी काही तरुण जमायचे. रेडिओवरची गाणी पितळेवर वाजवायचे. वरून गाड्या जायच्या, खाली आवाज खांबांना आपटून दुप्पट होऊन परत यायचा. ड्रमवर रॉनेल गिद्री, धक्क्यावर कॉफीची पोती उतरवणारा, पाठीनं रुंद आणि तोंडानं त्याहून रुंद. ट्रॉम्बोनवर व्हर्लिन, एका हॉटेलच्या लाँड्रीत चादरी दाबायची. बाकी सहा-सात जण. त्यांचा ताल आमच्या तालासारखा नव्हता. आमचा बँड डावा-उजवा पाय टाकत चालतो. यांचा ताल जागच्या जागी गुडघ्यात बसत होता, आणि खालच्या सुरांची जाड ओळ न थांबता गोल फिरत होती. पण ती ओळ वाजवायला त्यांच्याकडे ट्यूबाच नव्हता. व्हर्लिन ती ट्रॉम्बोनवर ओढत होती.

विस्ट खांबाला टेकून तीन गाणी ऐकत राहिला. मग पुढे झाला.

"ओहो, मिस्टर विस्ट!" रॉनेल ओरडला. "वाट चुकलात का? चर्च तिकडे आहे."

"तुमच्याकडे ट्यूबा नाही."

"होता. शाळेचा होता. शाळेला त्याची आठवण झाली."

"म्हणून ही बिचारी दोघांचं काम करतेय."

व्हर्लिननं ओठ पुसले. "बिचारी नाही. दमलेली म्हणा."

"पापा ओनोरेचं मयत आहे. मला तुम्ही सगळे हवे आहात."

रॉनेलनं काठ्या काखेत मारल्या. "ती संथ गाणी? मिस्टर विस्ट, ती वाजवताना मला झोप लागेल. ड्रम घेऊन पडेन."

"झोप लागेल ना? मग चालून दाखव."

"चालायला काय लागतं?"

"दाखव."

विस्टनं त्याला सांगितलं. पाऊल टाकायचं, त्यावर अंगाचं सगळं वजन घ्यायचं, थांबायचं, मग मागचा पाय सावकाश ओढून जवळ आणायचा. खांदे हलवायचे नाहीत. रॉनेल हसत निघाला. दोन पावलं ठीक पडली, नंतर तोल गेला आणि तो ड्रमसकट खांबावर आपटला. त्याची मित्रमंडळी खाली बसून हसली. त्यानं परत केलं. परत तोल गेला. धक्क्यावर पोतं घेऊन फळीवरून पळणारा माणूस, त्याला रिकाम्या रस्त्यावर हळू चालता येईना. हळू चालायला जास्त ताकद लागते. जड पाटी घेऊन शिडी उतरणाऱ्याला हे माहीत असतं, चढणाऱ्याला नसतं.

"आता झोप लागतेय का?" विस्टनं विचारलं.

"नाही," रॉनेल म्हणाला. त्याला घाम आला होता.

व्हर्लिन मात्र सौदा करणारी होती. "आम्ही तुमचं शिकू. पण तुम्ही आमचं शिकायचं. देह सोडल्यावर आमचं वाजवायचं, आणि खालची ओळ तुम्ही धरायची."

"वाजव."

तिनं वाजवली.

"परत." तिनं परत वाजवली. विस्टनं मान तिरकी करून ऐकली. "यात श्वास कुठे घ्यायचा?"

"ते आम्हालाही अजून कळलेलं नाही," व्हर्लिन म्हणाली.

सेप्तिम बारवा या सगळ्याच्या विरोधात होता. त्याचं चपला-बूट दुरुस्तीचं दुकान होतं, आणि क्लॅरिनेट टाचा ठोकायच्या फळीवर असायची. विस्टनं जाऊन सांगितल्यावर त्यानं तोंडातले खिळे काढले. तोंडात खिळे असताना तो बोलायचा नाही, म्हणून आम्ही शक्यतो तेव्हाच जायचो.

"तो बँड नाही, विस्ट. भांडण आहे. प्रत्येक जण दुसऱ्याच्या अंगावर ओरडतोय."

"ओरडायला दम लागतो. आपल्याकडे तोच नाही."

"ओनोरेनं ऐकलं असतं तर उठून बसला असता."

"बसू दे. मिस क्लोटिल्डला आनंदच होईल."

"थट्टा करू नकोस. मी येईन. फुटपाथवरून चालेन. वाजवणार नाही."

"नको वाजवूस. क्लॅरिनेट तेवढी घेऊन ये."

"ती कशाला?"

"रिकाम्या हातांनी तू चांगला दिसत नाहीस."

सेप्तिमनं खिळे परत तोंडात घातले.

त्या आठवड्यात रोज कामावरून सुटल्यावर हॉलवर तालीम झाली. मी कोपऱ्यात बसायचो. विस्ट कौतुक करत नसे. कामावरही नाही, इथेही नाही. बरोबर झालं की तो पुढे जायचा, चुकलं की थांबायचा, एवढंच. पोरांनी आधी बडबड केली, मग पावलांवर नजर ठेवायला लागली. लहान ड्रमखाली तारा असतात, त्यांच्यामुळे तो कडाडतो. मयताला त्या तारा सैल करून मध्ये रुमाल घालतात, मग ड्रम दबून बोलतो. विस्टनं रॉनेलला स्वतःचा रुमाल दिला. पांढरा, ओडीलनं इस्त्री केलेला. "हा देह सुटेपर्यंत आत राहील," तो म्हणाला. "तू कशाकडे बघायचं?"

"ऑगस्टिनच्या टोपीकडे."

"टोपी कुठे असेल?"

"छातीवर. डोक्यावर गेली की देह सुटला."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मी पण मेलेला."

तालमीचा दुसरा भाग विस्टसाठी होता, आणि तिथे तोच कच्चा विद्यार्थी होता. सूर त्याला एका दिवसात आले. वजन येईना. चाळीस वर्षं त्याचा स्वर पाय जमिनीला टेकला की पडायचा. या ओळीत तो पाय टेकायच्या आधी पडायला हवा होता.

"तुम्ही उशिरा येताय," व्हर्लिन सांगायची.

"मी पाय टेकल्यावर येतो."

"टेकायच्या आधी यायचं."

"टेकायच्या आधी आलेला माणूस पडतो."

"मिस्टर विस्ट, ही चाल नाही. हा नाच आहे. पडल्यासारखं वाटलंच पाहिजे."

दिवसा परांचीवरही तो ती ओळ घोळवत होता. आम्ही एका दिवाणखान्याचं छत करत होतो. त्याची थापी त्या ओळीच्या लयीत फिरायला लागली आणि छतावर हलक्या लाटा उठल्या. मी दाखवल्या. त्यानं तो सगळा तुकडा खरवडून काढला आणि पहिल्यापासून केला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्या वरच्या ओठाला रक्त दिसलं. गरम सॉसेजचा पाव त्यानं अर्धाच खाल्ला, तिखट झोंबत होतं. शुक्रवारपर्यंत ओळ सलग वाजत होती. वजन तरीही उशिराच येत होतं. व्हर्लिननं हात जोडले. "राहू दे. सूर तरी बरोबर आहेत."

शनिवारी चर्चबाहेर माणसं मावत नव्हती. निम्मी ओनोरेसाठी आली होती, निम्मी विस्टची फजिती बघायला. बँडमध्ये जुने दोन, विस्ट आणि ढोलवाला; नवे नऊ. काळे कोट कुठून कुठून आणले होते. रॉनेलच्या कोटाच्या बाह्या कोपराच्या जरा खाली संपत होत्या. ऑगस्टिन पुढे उभा राहिला, काळा कोट, छातीवर तिरका पट्टा. त्यानं टोपी काढून हृदयाशी धरली. ढोलाचा एक ठोका पडला. सगळ्यांचं डावं पाऊल पुढे आलं आणि थांबलं.

मी फुटपाथवरून चालत होतो, माझ्या पुढे सेप्तिम. पहिला चौक गेला. दुसरा गेला. पावलं एकसारखी पडत होती. वरच्या ओळीत नवे ट्रम्पेट जरा कर्कश होते, पण विस्टचा स्वर खालून असा भरून येत होता की सगळं त्याच्यावर टेकून उभं राहत होतं. बायका रडत होत्या. रडणं नीट चाललं की मयत नीट चाललंय असं समजावं. ऑगस्टिननं एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि त्याच्या बाबतीत ते चांगलं लक्षण होतं.

आणि पूल आला.

पुलाशी शवपेटीची गाडी बँडला वळसा घालून पुढे आली आणि चढणीच्या रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. चालकानं वळायचा दिवा लावला. एरवी तेवढ्यात ती निघते. पण मागच्या मोटारीतून मिस क्लोटिल्डनं काचेवर थाप मारली, तिला उतरायचं होतं. गाडी थांबली. ऑगस्टिनची टोपी छातीवरच होती. रॉनेलच्या समोर विस्टच्या ट्यूबाचं भलंमोठं तोंड होतं. त्याला टोपी दिसत नव्हती. दिवा दिसत होता.

त्यानं रुमाल उपसला, तारा आवळल्या आणि काठ्या सोडल्या.

पुलाखाली तो आवाज गोळीबारासारखा फुटला. एक ट्रम्पेट त्याच्यामागोमाग सुटला, मग दुसरा. फुटपाथवर कुणीतरी सवयीनं नाचायची छत्री उघडून उडी मारली. आणि तिथेच, दहा पावलांवर, ओनोरे अजून गाडीत होता आणि त्याची बायको एक पाय मोटारीबाहेर टाकून थिजली होती.

सूर चुकला तर आमच्याकडे माफ असतो. देह समोर असताना नाचाचा ताल वाजला तर तो माणूस हाकलून दिल्यासारखा होतो. याहून मोठी चूक बँड करू शकत नाही. ऑगस्टिन वळला. त्याचा चेहरा पाहून मी ट्रकचा भोंगा ऐकला.

विस्ट ओरडला नाही. त्याच्या तोंडाला ट्यूबा होता आणि तो त्यानं काढलाच नाही. तो जागच्या जागी पूर्ण फिरला, ट्यूबाचं तोंड आपल्याच माणसांकडे केलं आणि संथ गाण्याचा सगळ्यात खालचा स्वर लावला. लावला आणि धरला. पुलानं तो उचलला, खांबांनी परत दिला. तो स्वर ऐकू येत नव्हता, बुटांच्या तळव्यातून चढत होता. रॉनेलच्या काठ्या हवेत राहिल्या. ट्रम्पेट गप्प झाले. विस्टची मान फुगली होती, कपाळावरच्या शिरा दोरीसारख्या दिसत होत्या, आणि स्वर संपत नव्हता. एवढा दम मी कुणाचा पाहिला नाही. संपला तेव्हा त्यानं श्वास घेतला आणि खालची ओळ एकट्यानंच सुरू केली. मागे मागे चालत, गाडीच्या बाजूला सरकत.

वरची ओळ वाजवायला कुणी नव्हतं. पोरं गोठली होती.

सेप्तिम फुटपाथवरून खाली उतरला. क्लॅरिनेट कोटाच्या आत होती, तो ती बाहेर काढत होता आणि बडबडत होता, "मी म्हटलं होतं. मी म्हटलं होतं की नाही?" मग ती तोंडाला लागली आणि बडबड थांबली. दोन म्हातारे वाजवत होते. मग व्हर्लिन आली. मग एकेक जण परत आला, पाऊल टाकत, थांबत. मिस क्लोटिल्ड गाडीपर्यंत चालत गेली. काचेवर तळवा ठेवून उभी राहिली. तिला हवा तेवढा वेळ बँडनं तिला दिला. मग तिनं हात काढला आणि ऑगस्टिनकडे पाहून मान हलवली.

टोपी डोक्यावर गेली. गाडी चढण चढून दिसेनाशी झाली.

आता ताल ड्रमनं द्यायचा असतो. रॉनेल खाली बघत उभा होता, गालांवर पाणी.

"वाजव," विस्ट म्हणाला.

"मी नाही वाजवत. मी घालवलं सगळं."

"घालवलंस. आता वाजव."

"हात चालत नाहीत, मिस्टर विस्ट."

"मग मी निघतो. तू मागून ये."

आणि त्यानं ती ओळ सुरू केली, त्या पोरांची, गोल फिरणारी. आमच्या वॉर्डात जुन्या बँडच्या माणसानं ती रस्त्यावर कधी वाजवली नव्हती. त्यानं ती चुकीचीच वाजवली. वजन पाय टेकल्यावरच पडत होतं, उशिरा. पण तालमीत ऐकणारे खुर्च्यांवर होते आणि इथे लोक पायांवर होते. त्या उशिरा पडणाऱ्या वजनाखाली त्यांना चालताही येत होतं आणि नाचताही येत होतं. ओनोरेच्या वयाच्या बायका रुमाल फिरवत पुढे आल्या, आणि त्यांच्याच शेजारी पुलाखालची तरुण पोरं. रॉनेलनं आधी एक ठोका टाकला. लवकर पडला. त्यानं पुढचा रोखून धरला. मग त्याला ते सापडलं, आणि व्हर्लिननं ट्रॉम्बोन वाजवता वाजवता भुवया उंचावून विस्टकडे पाहिलं. सेप्तिमनं क्लॅरिनेट काखेत घातली, तोंड वाकडं केलं. त्याचा पाय हलत होता. मी पाहिला. तो शेवटपर्यंत नाहीच म्हणत राहिला.

हॉलशी मिरवणूक संपली. विस्टनं ट्यूबा खांद्यावरून उतरवला तो दोघांनी धरून. ऑगस्टिन आला.

"तो पुलाखालचा प्रकार," तो म्हणाला.

"हो."

"असं मी जन्मात ऐकलं नव्हतं."

"मीही नाही."

"नोव्हेंबरचा दुसरा रविवार. सकाळी दहाला. हॉलपासून." ऑगस्टिन दोन पावलं जाऊन परत आला. "आणि त्या ड्रमवाल्याला सांग, दिव्याकडे नाही, टोपीकडे बघायचं."

"सांगितलंय."

"परत सांग."

"त्याची गरज नाही," विस्ट म्हणाला. "तो आता आंघोळीलाही टोपी बघूनच जाईल."

रॉनेल तिथेच होता. त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला.

नोव्हेंबरची मिरवणूक झाली. ट्रक आला नाही. पुढच्या वर्षी शेजारच्या मंडळानंही भोंगे काढून बँड बोलावला. दोन वर्षांत पोरं आपली गाणी रोज नवी करू लागली आणि विस्ट रोज तक्रार करू लागला: फार जलद, फार मोठ्यानं, श्वासाला जागा नाही. पण नवा माणूस आला की तो आधी गुरुवारी हॉलवर जायचा, विस्टसमोर हळू चालायला. ते जमलं तरच वाद्य. मी निवृत्त झालो, मग तोही झाला. एक्याण्णव साली त्याचे गुडघे गेले. बसून वाजवशील का, असं कुणीतरी विचारलं, आणि त्यानं त्या माणसाशी वर्षभर अबोला धरला. त्याचा ट्यूबा व्हर्लिनच्या मुलीकडे गेला. उचलला तिनं.

गेल्या वसंतात आमच्या वॉर्डातल्या एका बाईचं मयत होतं. चर्चपाशी दोन बँड आले. एक रॉनेलचा, एक व्हर्लिनच्या मुलीचा. पुढे कुणी चालायचं यावर जुंपली. रॉनेल, आता पोट सुटलेला, तिला म्हणत होता की तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी या रस्त्यावर आहे. ती म्हणत होती, म्हणूनच तुम्ही मागे चला, रस्ता पाठ आहे तुम्हाला. दोन्हीकडची माणसं तावातावानं बोलत होती. मी विस्टची चाकांची खुर्ची ढकलत होतो. मला वाटलं त्याला वाईट वाटेल. पाहतो तर तो दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आपटून हसत होता.

"ऐकतोयस, लूस?" तो मला म्हणाला. "भांडायला दुसरा बँड आहे!"

मग त्यानं दोघांनाही जवळ बोलावलं आणि आधी पावलं दाखवायला लावली.